मानाची चार पानं

"यंत्र मेलंय म्हणता, तर सकाळी माझ्या बोटांखाली काय उठलं व्हतं? मुंग्या?"

इरव्वानं विचारलं. शिवकांत संगणकाच्या पडद्याकडे बघत बसला.

"बोला की इंजिनेरसाहेब."

"अक्का, किती वेळा सांगू? पोर्ट आठ आहेत. आठही जिवंत आहेत. पडद्यावर दिसतायत मला. पोर्ट जिवंत आणि पट्टी उठत नाही, म्हणजे पट्टी मेलेली. यात वाद कसला?"

"वाद न्हाई. इचारतेय."

...

कडबळ्ळीच्या मठातली ही गोष्ट. मठाचे गुरू चन्नवीर अप्पा. मठात येणाऱ्या कुणालाही दुपारचं जेवण मिळतं, त्याला तिथं दासोह म्हणतात. आणि मठाच्या मागच्या अंगाला अंधांची शाळा आहे. इरव्वा तिथंच शिकली, तिथंच मोठी झाली, आता लहानग्यांना ब्रेल शिकवते.

त्या शाळेला कुणीतरी ब्रेलच्या आठ पट्ट्या दिल्या. पट्टी म्हणजे हातभर लांबीचं यंत्र. संगणकावरची ओळ तिच्यावर ठिपक्यांनी वर उठते. बोटांनी वाचायची, की ती खाली बसते आणि पुढची उठते. दिल्या खऱ्या, पण जुन्या दिल्या, सिरियल पोर्टाच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या जोडणीच्या. नऊ पिनांची जाड वायर. आजच्या संगणकाला ती लावायला जागाच नसते.

म्हणून अप्पांनी शिवकांतला बोलावलं. गावच्या पाटलांचा मुलगा, पुण्यात मोठ्या पगारावर, लहानपणी अप्पांच्या पायाशी बसून शिकलेला. त्यानं येताना आठ सिरियल पोर्टांचं कार्ड आणलं, मठातल्या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात बसवलं, आठ टेबलांवर आठ पट्ट्या मांडल्या आणि वायरी जोडल्या.

चार पट्ट्या उठल्या. चार नुसत्या पडून राहिल्या.

आता या शहाण्याचा हिशेब ऐका. संगणकाच्या पाठीला कार्डाखेरीज एकही सिरियल सॉकेट नव्हतं. पडद्यावर आठ पोर्टांची नावं ओळीनं दिसत होती. मग ते आठ कार्डाचेच असणार, दुसऱ्या कुणाचे असणार? कार्ड नवं, पट्ट्या जुन्या. दोष जुन्याचा. झालं! वायर हलवून बघणं नाही, मागं जाऊन वाकणं नाही. पडद्याला नमस्कार करून माणूस मोकळा.

आणि या हिशेबात इरव्वाचं आयुष्य अडकलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खोलीत परीक्षा होती. जिल्ह्याच्या ब्रेल छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी. ज्याची पट्टी चालते त्यानं बसायचं, ज्याची चालत नाही त्यानं पुढच्या वर्षी यायचं, असं छापखान्यानं कळवलेलं. बाकीच्यांना पुढचं वर्ष होतं. इरव्वाला नव्हतं. तिचं वय पुढच्या महिन्यात मर्यादेबाहेर जात होतं.

शिवकांतनं तर ठरवूनही टाकलं होतं. जेवण झालं की छापखान्याला फोन करायचा. चार पट्ट्या बिघडलेल्या आहेत, चार नावं कमी करा.

"फोन करायच्या आधी माझं ऐकून घ्या," इरव्वा म्हणाली. "सकाळी तुम्ही चहाला गेला तवा मी शेजारच्या दुंडप्पाची वायर काढली आन् माझ्या पट्टीला लावली. पट्टी उठली. माझी वायर दुंडप्पाच्या पट्टीला लावली. त्याची निजली. आता सांगा, मेलंय कोण?"

"कुणी सांगितलं होतं वायरी काढायला?"

"कुणी न्हाई. नोकरी माझी जातेय."

शिवकांतनं सुस्कारा सोडला. मग तो बोलला. बोलू नये ते बोलला.

"अक्का, तुम्हाला दिसत नाही. कुठली वायर कुठं लावलीत, तुम्हाला काय कळणार?"

...

खोलीत परीक्षेला बसणारे आणखी सातजण होते. सातही जणांची बोटं आपापल्या पट्टीवर थांबली.

अहो, जिनं जन्मभर बोटांनी माणसं ओळखली, नाणी ओळखली, निवडताना तांदळातला खडा ओळखला, तिला हा म्हणतो वायर ओळखता येत नाही! आणि म्हणणारा कोण, तर ज्यानं सकाळपासून चहाखेरीज खुर्चीवरून बूड हलवलं नाही तो.

"दिसत न्हाई मला," इरव्वा म्हणाली. तिच्या तोंडचं 'तुम्ही' आता गेलं होतं. "खरंय तुझं. तुला दिसतंय ना? मग ऊठ आन् मागं जाऊन बघ की रे!"

"बघायची गरज नाही. पडद्यावर आहे सगळं."

दारात अप्पा उभे होते. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

"अप्पा, बरं झालं आलात," शिवकांत उठलाच. "तुम्हीच सांगा. मी रजा टाकून आलो. कार्ड आणलं, सगळं जुळवलं, एका पैशाची अपेक्षा नाही. कुणीतरी मोडक्या पट्ट्या दान म्हणून गळ्यात मारल्या, तो माझा दोष? आणि वर मला हे ऐकून घ्यावं लागतंय?"

अप्पांनी त्याच्याकडे बघितलं. मग इरव्वाकडे.

"जेवायची वेळ झाली," ते म्हणाले.

...

दासोहाचा सभामंडप अरुंद आहे. एका पंगतीला माणसं थोडीच बसतात. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, पहिली पंगत उठली की दुसरी. त्यातही मठाची एक जुनी रीत. पंगतीच्या सुरुवातीला चार पानं मानाची. पाटील, देसाई, शेटे, मुळे. मठाला जमिनी दिलेली चार घराणी. मानकरी आलेला असो वा नसो, त्याचं पान मांडायचं, त्यावर वाढायचं, आणि पंगत उठल्यावर सगळ्यात शेवटी ते उचलायचं. त्या पानावर घरातला कर्ताच बसणार. वडील हयात असताना मुलानंसुद्धा बसायचं नाही.

आता देसाई मुंबईत, शेटे बेंगळुरात, मुळ्यांचं कुणी उरलंय की नाही तेच ठाऊक नाही, आणि शिवकांतचे वडील पुण्याला नातवंडांत. ती पानं कुणाच्या पोटात जातात? गाईंच्या. तरी रोज मांडतात. रोज वाढतात. बाहेर उन्हात माणसं ताटकळत बसतात आणि आत चार पानांवर खिरीला साय धरते. विचारलं तर म्हणतात, रीत आहे.

शिवकांत पंचा खोचून वाढायला लागला होता. पाटलाचा मुलगा स्वतः वाढतोय म्हणून म्हातारी माणसं कौतुकानं बघत होती. त्यालाही ते बरं वाटत होतं.

इरव्वा उशिरा आली. एकदा शेवटचं म्हणून पट्टीवर बोटं ठेवून बसली होती ती, काही उठतंय का बघत. काठी उंबऱ्याला लागली तशी थांबली.

"जागा हाय का?"

"पंगत भरली, अक्का," शिवकांत म्हणाला. "दुसरीला बसा."

"दुसरी उठंपर्यंत तुझा फोन झालेला असंल."

"... असेल."

"पुढं कोण बसलंय?"

"मानकरी."

"आलेत व्हय?"

शिवकांतनं भाताचं घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"पानं मांडलेली आहेत."

"आसं," इरव्वा म्हणाली, आणि काठी भिंतीला टेकवून उंबऱ्याबाहेर बसली. तिला राग आला होता. भुकेचं तिला काही नव्हतं. सकाळपासून दुसऱ्यांदा हा पोरगा तिला सांगत होता की तुझी जागा नाही, आणि दुसऱ्यांदा तिला खात्री होती की आहे.

तेवढ्यात अप्पा पानावरून उठले.

पंगत चालू असताना गुरू उठत नाही. सगळ्यांचे हात थांबले. अप्पांनी शिवकांतच्या हातातलं घमेलं काढून घेतलं आणि पहिल्या पानापुढं वाकले.

"पाटील, भात घ्या."

पान गप्प. अप्पांनी भात वाढला.

"लाजू नका. आणखी घ्या."

आणखी वाढला.

"नको म्हणत नाहीत. म्हणजे हवाच असणार. घ्या पाटील, घ्या." भाताचा ढीग झाला. ढीग ढासळून पानाबाहेर आला. अप्पा दुसऱ्या पानाकडे सरकले. "देसाई, मुंबईला असला भात मिळत नसेल."

कुणीतरी हसलं. दुंडप्पा शेजाऱ्याला विचारू लागला, काय चाललंय, मला सांगा की! सांगितल्यावर तोही खो खो हसायला लागला.

शिवकांतचे कान तापले. त्याच्या घराण्याचं पान! आजोबा तिथं बसून जेवलेले! आणि सगळ्या गावासमोर त्याच्यावर भात उपसला जातोय.

"अप्पा, पुरे."

"शेटे, तुम्ही मागे राहू नका..."

"अप्पा! थट्टा करताय आमची?"

"थट्टा? मी वाढतोय. मघाशी तूच वाढलंस ना या पानांवर?"

"ती रीत आहे! तुम्ही आता अन्नाची नासाडी करताय. तिथं कुणी नाही!"

"पान आहे की."

"पान आहे!" शिवकांत ओरडला. गुरूंपुढं तो असा कधी ओरडला नव्हता. "पान मांडलंय, त्याला नाव आहे, मान आहे, सगळं आहे! पण त्याच्यामागं माणूसच नाही! कुणाला वाढताय तुम्ही?"

अप्पांनी घमेलं खाली ठेवलं.

"मग पंगत भरली, हे तू कुणाला मोजून सांगितलंस?"

...

"मोजून..." शिवकांत म्हणाला.

तो त्या चार पानांकडे बघत राहिला. पानं मांडलेली. नावं असलेली. मोजली की भरणारी.

"आठ," तो म्हणाला.

"काय?" कुणीतरी विचारलं.

"आठ मोजले मी... अरे देवा!"

आणि पंचा तसाच खोचलेला, हाताला भाताची शितं, असा तो पळत सुटला. उंबऱ्याशी इरव्वाच्या काठीला अडखळला. ती उठली, काठी उचलली आणि त्याच्या पावलांच्या आवाजामागं चालू लागली. उपाशीच.

संगणकाच्या खोलीत त्यानं आल्या आल्या संगणक ओढला, पाठ वळवली, झाकण काढलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यानं आत डोकं घातलं.

"काय दिसतंय?" दारातून इरव्वानं विचारलं.

त्यानं मदरबोर्डावरून बोट फिरवत नेलं.

"अक्का, या मदरबोर्डलाच चार सिरियल पोर्ट आहेत. मुळातले. आत, चिपमध्ये. पण बनवणाऱ्यानं त्यांना बाहेर सॉकेटच काढलेलं नाही. दारच नाही. त्यांना वायर लागूच शकत नाही."

"मग?"

"लिनक्सनं एकूण आसनं मांडली आठ. पहिली चार, मुळातले म्हणून, यांना दिली. उरलेली चार माझ्या कार्डाच्या पहिल्या चार पोर्टांना. कार्डाचे पुढचे चार आले तेव्हा त्यांना सांगितलं, जागा नाही." त्यानं पडद्यावर सुरुवातीच्या ओळी मागं ढकलत नेल्या. "हे बघा, चार वेळा लिहिलंय. जागा शिल्लक नाही, जागा शिल्लक नाही... माझ्या डोळ्यांसमोरून गेलं हे. मी वाचलंच नाही. मला आठ आकडा दिसला आणि मी थांबलो."

इरव्वानं 'हे बघा' वर काही म्हटलं नाही. तेवढी ती मोठ्या मनाची.

शिवकांतला मात्र आता राग आवरेना. तो संगणकाला बोलायला लागला.

"हलकटपणा आहे हा! ज्यांना दार नाही, ज्यांचा कुणाला उपयोग नाही, त्यांना पहिली चार आसनं? का, तर ते मुळातले! आणि वायर हातात धरून जे खरोखर उभे आहेत त्यांना बाहेर काढायचं? कुणी घातली ही रीत? लाज वाटायला पाहिजे लिहिणाऱ्याला!"

"शिव्या मागनं दे," इरव्वा म्हणाली. "आधी माझी पट्टी उठव."

काम एका ओळीचं होतं. संगणक सुरू होताना जी ओळ वाचतो, तिच्यात आसनांचा आकडा होता. तिथं आठाचे सोळा केले. संगणक बंद केला, पुन्हा चालू केला. मग प्रत्येक पट्टीपुढं तिच्या खऱ्या पोर्टाचं नाव घातलं. हे सगळं झालं, पण या वेळी त्याचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. तो इरव्वाच्या बोटांकडे बघत होता.

ती आपल्या टेबलाशी बसली. दोन्ही हातांची बोटं पट्टीवर ठेवली. चेहरा वर, श्वास धरलेला.

काही नाही...

काही नाही...

मग पट्टीनं बारीक कर्र केलं आणि ठिपके उठले. तिचे ओठ हलले. शिवकांतनं कळफलकावरून एक ओळ पाठवली होती. बोट डावीकडून उजवीकडे सरकलं. पुन्हा डावीकडे आलं. पुन्हा सरकलं.

"'अक्का, चुकलो'," तिनं मोठ्यानं वाचलं.

"हो."

"हे बोटांना सांगून काय करू? तोंड हाय ना तुला?"

"चुकलो, अक्का."

"कशात चुकलास?"

त्यानं मान खाली घातली. "तुम्हाला दिसत नाही म्हणालो."

"ते खरंच हाय, मला दिसत न्हाई. कशात चुकलास?"

...

"तुम्ही सांगत होतात. मी ऐकलं नाही."

"हां," इरव्वा म्हणाली. "आता बाकीच्या तीन पट्ट्या उठल्यात का बघ. हातानं बघ, पडद्यावर नको."

त्यानं एकेका पट्टीवर बोट फिरवलं. तिन्ही उठल्या होत्या. आठही. फोन करायचं कारण उरलं नव्हतं. उद्या सकाळी आठजण परीक्षेला बसणार होते, आणि त्यात इरव्वा होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा पट्टीवर हात ठेवला, ठिपके गेले तर नाहीत ना बघायला.

मग अप्पा आले. शिवकांत लहान पोरासारखा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"झालं, अप्पा! आठही उठल्या. आणि गंमत म्हणजे कुणालाच उठवावं लागलं नाही. मुळातले चार बसलेत तसेच बसू दिले, नुसती पुढं आसनं वाढवली."

"छान."

"पण रीत वाईट होती, अप्पा. भयंकर वाईट. माझा तर संताप संताप झाला."

"होणारच," अप्पा म्हणाले. ते इरव्वाकडे वळले. "जेवलीस?"

"कुठनं, अप्पा? पंगत भरली व्हती."

अप्पांनी तिच्या काठीचं पुढचं टोक हातात घेतलं आणि चालू लागले. मागून शिवकांत.

सभामंडपात दोन्ही पंगती उठून गेल्या होत्या. फरशी पुसलेली. मानाची चार पानं तेवढी अजून जागच्या जागी, रिकाम्या पाटांपुढं, त्यांच्यावरचा भात वाळून गेलेला. मठाची स्वयंपाकीण भागव्वा ती उचलायला टोपली घेऊन येत होती.

अप्पांनी तिला हातानं थांबवलं. पाटलाचं पान स्वतः उचललं, टोपलीत टाकलं. फरशी आपल्या उपरण्यानं पुसली. नवं पान मांडलं.

"अप्पा..." शिवकांतच्या आता लक्षात आलं. "अप्पा, ते बाबांचं पान आहे. आज्याचं, पणज्याचं आहे. मी स्वतः कधी बसलो नाही तिथं. बाबांच्या कानावर गेलं तर... नवीन जागा मांडू की आपण. हवी तेवढी जागा आहे आता. तिथं पलीकडे मी स्वतः पाट मांडतो, मी स्वतः वाढतो..."

अप्पांनी पाट सरळ केला.

इरव्वा उभीच होती. भागव्वाही उभी, हातात टोपली, नजर एकदा अप्पांकडे, एकदा पाटलाच्या मुलाकडे. कुणाचं ऐकावं तिला कळेना.

शिवकांतनं अप्पांकडे बघितलं. अप्पा त्याच्याकडे बघतच होते. राग नव्हता त्या नजरेत. पण ती हलतही नव्हती.

...

अप्पांनी इरव्वाच्या खांद्याला धरून तिला पहिल्या पाटावर बसवलं. तिचा हात धरून पानाच्या कडेवर ठेवला.

मग त्यांनी मान वर केली.

"भागव्वा, पाटील आलेत. वाढ."